शिकागोकडच्या घराची हिवाळ्याची तयारी: आधी पाणी बघा, मग थंडी

ज्यांनी या उन्हाळ्यात नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग अशा कुठल्यातरी सबर्बमधे पहिलं स्वतःचं घर घेतलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. इतकी वर्षं अपार्टमेंटमधे होतात तेव्हा हिवाळ्याचं सगळं मॅनेजमेंटवाले बघायचे, आता छप्पर तुमचं, पाईप तुमचे आणि घर गरम करणारा फर्नेसही तुमचा. तयारीच्या याद्या शोधायला गेलात तर तीस-चाळीस कामं सापडतील आणि सगळी सारखीच महत्त्वाची वाटतील, पण तसं नसतं. खिडकीतून गार वारा आला तर स्वेटर घालता येतो, बिल थोडं जास्त येतं, एवढंच. पाणी गोठलं तर मात्र ते आकारानं साधारण ९ टक्के वाढतं आणि मग तांब्याचा पाईपसुद्धा त्याच्यापुढे टिकत नाही. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे, आधी घरात आणि घराबाहेर पाणी कुठे कुठे अडकून राहू शकतं ते बघायचं, मग हीटिंग, मग बाकीचं. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत वेळ असतो, पण मधे गणपती, नवरात्र, दिवाळी येतात आणि वीकेंड कसे जातात ते तुम्हाला माहिती आहेच.

सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं काम म्हणजे बाहेरच्या नळाला लावलेला गार्डन होज काढणं. आजकालच्या बऱ्याच घरांना फ्रॉस्ट फ्री नळ असतो, त्यामुळे लोक निर्धास्त असतात. या नळाची गंमत अशी की तुम्ही चावी बाहेर फिरवता पण पाणी बंद होतं ते भिंतीच्या आत, घराच्या उबेत, आणि पुढच्या नळीत राहिलेलं पाणी उतारानं बाहेर गळून जातं. होज तसाच लावून ठेवला तर ते पाणी गळायला वाटच नाही, ते नळीत बसून राहतं आणि पहिल्या कडक थंडीत नळी भिंतीच्या आत फुटते. आणि हे तेव्हा कळतही नाही कारण नळ बंद असतो! कळतं ते एप्रिल-मे मधे, तुम्ही झाडांना पाणी घालायला नळ सोडता आणि खाली बेसमेंटच्या भिंतीतून पाणी यायला लागतं. तर ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात होज काढा, पाणी निथळवा, गुंडाळून गराजमधे ठेवा. घर जुनं असेल तर बाहेरच्या नळासाठी आत बेसमेंटमधे वेगळा व्हॉल्व असतो, तो बंद करायचा, मग बाहेरचा नळ उघडून पाणी जाऊ द्यायचं, आणि आतल्या व्हॉल्ववर छोटं टोपण असेल तर त्याखाली वाटी धरून ते उघडायचं म्हणजे उरलेलं पाणीही निघतं. नळावर घालायचं फोमचं टोपडं दुकानात मिळतं, घाला हवं तर, पण होज लावलेला ठेवून वर टोपडं घालण्यात काही अर्थ नाही.

लॉनला स्प्रिंकलर सिस्टिम असेल तर कॉम्प्रेसरनं हवा मारून सगळ्या लाईनी रिकाम्या कराव्या लागतात. याची अपॉइंटमेंट सप्टेंबरमधेच घ्या, ऑक्टोबर संपत आला की सगळे एकदम जागे होतात आणि कोणी मिळत नाही. काही जण गराजमधला छोटा कॉम्प्रेसर लावून घरीच करतात. मी तरी सांगणार नाही, कारण छोट्यानं सगळं पाणी निघत नाही आणि मोठा आणून प्रेशर जास्त झालं तर प्लास्टिकचे पाईप नि जोड जातात. शिवाय बाहेर लावलेला पितळी बॅकफ्लो प्रिव्हेंटर (लॉनचं पाणी उलटं घराच्या पाण्यात येऊ न देणारा व्हॉल्व) फुटला तर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट जातात.

आता घरातलं. मेन वॉटर शटऑफ, म्हणजे घरात येणारं सगळं पाणी बंद करणारा व्हॉल्व, कुठे आहे ते आजच शोधा. इकडे बहुतेक घरांत बेसमेंटमधे मीटरजवळ, रस्त्याच्या बाजूच्या भिंतीला असतो. घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा, आईबाबा आले असतील तर त्यांनाही आणि शाळेतल्या मुलांनाही, आणि वर एक मोठं लेबल बांधा. एकदा बंद करून उघडून बघा, पण गोल चाकाचा जुना व्हॉल्व असेल आणि फिरत नसेल तर जोर लावू नका, प्लंबर बोलवा, नाहीतर नसलेली गळती सुरू व्हायची.

मग बाहेरच्या भिंतीतून कुठले पाईप जातात ते बघा. नेहमीचे संशयित म्हणजे उत्तरेच्या भिंतीला असलेलं किचनचं सिंक, गराजच्या वरची बाथरूम आणि गराजला लागून असलेली लॉन्ड्री. उघड्यावर दिसणाऱ्या पाईपांना फोमच्या नळ्या घाला, स्वस्त असतात आणि कात्रीनं कापता येतात. बाहेर २० फॅरनहाइटच्या खाली गेलं की अशा पाईपांची काळजी करायला लागायचं. त्या रात्री सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवायची म्हणजे घरातली ऊब आत जाते, आणि फारच पडलं तर नळ बारीक धारेनं चालू ठेवायचा. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उणे २३ फॅरनहाइट झालं होतं, तसे दिवस रोज येत नाहीत पण येतात. आणि हे फक्त आपल्याकडचं आहे असं टेक्सासवाल्या मित्रांनीही समजू नये, फेब्रुवारी २०२१ मधे तिकडे वीज गेली आणि घरोघरी पाईप फुटले, कारण तिथल्या घरांत पाईप थंडीचा विचार करून टाकलेलेच नसतात. गोठलाच पाईप तर नळ उघडा ठेवून नळाच्या बाजूनं हेअर ड्रायरनं हळूहळू गरम करत मागे जायचं. आगीचं काहीही जवळ न्यायचं नाही.

बेसमेंटमधे संप पंप (जमिनीखालचं पाणी खड्ड्यात गोळा करून बाहेर फेकणारा पंप) असेल तर खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पंप सुरू होतो का बघा. त्याचा बाहेर जाणारा लांब लवचिक पाईप लॉनवर पसरलेला असेल तर तो थंडीआधी काढा, नाहीतर त्यात पाणी साचून गोठतं, तोंड बंद होतं आणि पंप बिचारा आतल्या आत धडपडत राहतो.

छपराच्या कडेचे गटर साफ करायची घाई करू नका. मेपलची पानं नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतात पण ओक फार चिवट, तो शेवटपर्यंत पानं धरून बसतो, त्यामुळे ऑक्टोबरमधे साफ केलेले गटर पुन्हा भरतात. नोव्हेंबरच्या मध्यानंतर एकदाच करा. दुमजली घर असेल तर शिडीवर चढू नका, माणूस बोलवा. खाली येणाऱ्या पाईपाला पुढे ४ ते ६ फुटांचा तुकडा जोडून पाणी घराच्या पायापासून लांब सोडा.

पण वळचणीला जो बर्फाचा बांध तयार होतो आणि ज्याच्यामुळे जानेवारीत छतातून पाणी गळतं, त्याचं कारण गटर नसतं बरं का. बरेच लोक इथेच फसतात आणि गटरला हीटिंगची वायर लावून बसतात. खरं कारण असतं छपराखालचा पोटमाळा म्हणजे अ‍ॅटिक. घरातली गरम हवा फटींतून अ‍ॅटिकमधे जाते, छप्पर गरम होतं, वरचा बर्फ खालून वितळतो, पाणी घसरत कडेला येतं आणि कडेला खाली ऊब नसल्यामुळे तिथे परत गोठतं. असा बांध झाला की मागचं पाणी शिंगल्सच्या (छपरावरच्या पट्ट्यांच्या) खाली शिरतं. तेव्हा ऑक्टोबरमधल्या एखाद्या गार सकाळी टॉर्च घेऊन वर जा, कारण उन्हाळ्यात तिथे भट्टी असते. अ‍ॅटिकच्या झाकणाला रबरी पट्टी आहे का, छतातल्या दिव्यांभोवती आणि पाईपांभोवती फटी आहेत का, आणि बाथरूमच्या पंख्याचा पाईप छपराबाहेर जातोय की अ‍ॅटिकमधेच वाफ सोडतोय, हे बघा. आधी फटी बुजवायच्या, मग इन्सुलेशन. आपल्या भागात अ‍ॅटिकला आर-४९ ते आर-६० सांगतात (इन्सुलेशन ऊब किती अडवतं त्याचा हा आकडा, जितका मोठा तितका चांगला), तुमच्याकडे जमिनीच्या लाकडी तुळया वरून दिसत असतील तर नक्कीच कमी आहे. पैसे घालायचेच असतील तर नव्या खिडक्यांच्या आधी इथे घाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

फर्नेसचं तसं थोडक्यात. सप्टेंबरमधे एकदा टेक्निशियनकडून तपासून घ्या, फिल्टर बदला, फिल्टरवरचा बाण फर्नेसच्या दिशेला पाहिजे. पहिल्यांदा लावल्यावर धूळ जळल्यासारखा वास थोडा वेळ येतो, तो गेला नाही तर बंद करून फोन करा. नवीन हाय एफिशियन्सी फर्नेस असेल तर घराच्या बाजूनं दोन पांढरे पीव्हीसी पाईप बाहेर आलेले दिसतील, एकातून हवा आत जाते आणि दुसऱ्यातून धूर बाहेर येतो. त्यांच्यासमोरची झुडपं आत्ताच छाटा आणि मोठा बर्फ पडल्यावर ड्राइव्हवेच्या आधी ते पाईप मोकळे करा. ते बुजले तर फर्नेस बंद पडतो, आणि कार्बन मोनॉक्साइड घरात यायचीही भीती असते. त्या वायूला वास नाही, रंग नाही, म्हणून डिटेक्टर लागतोच. इलिनॉयमधे २००७ पासून कायदाच आहे की प्रत्येक झोपायच्या खोलीपासून १५ फुटांच्या आत तो हवा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात त्या दिवशी सगळ्या डिटेक्टरांची बटणं दाबून बघायची सवय लावा आणि मागची तारीखही वाचा, धुराचा म्हणजे स्मोकवाला दहा वर्षांनी बदलायचा असतो आणि कार्बन मोनॉक्साइडवाला त्याच्याही आधी संपू शकतो.

फर्नेसला जोडलेला, हवेत दमटपणा वाढवणारा ह्युमिडिफायर असेल तर त्याचं पॅड दरवर्षी बदला आणि त्याची झडप समरवरून विंटरवर करा. घरात दमटपणा ३० ते ४० टक्के ठेवला तर नाकातून रक्त येणं, टाचा फुटणं जरा कमी होतं, पण फार कडाक्याच्या दिवसांत तो कमी करा नाहीतर खिडक्यांवरून पाणी ओघळतं आणि चौकटीला बुरशी धरते.

फटी शोधायला महागडं काही नको. वाऱ्याच्या दिवशी खिडकी-दाराच्या कडेनं उदबत्ती फिरवा, पडदे बाजूला करून, धूर जिथे वाकडा होईल तिथून वारा येतोय. चौकटीच्या भेगांना कॉक (फटी बुजवायची पेस्ट) लावायचं ते ऑक्टोबर संपायच्या आत, थंडीत ते नीट धरत नाही. दाराखाली ब्रशची पट्टी लावा, गराजमधून घरात येणारं दार विसरू नका. आणि एवढं सगळं बंद केल्यावर फोडणी नि पुऱ्या करताना चिमणीचा पंखा लावायचा, फक्त ती हवा खरंच घराबाहेर जाते का ते आधी बघा, बऱ्याच घरांत मायक्रोवेव्हखालचा पंखा तीच हवा गाळून तोंडावर परत सोडतो.

कुंड्या! रात्री ५० फॅरनहाइटच्या खाली जायला लागलं की तुळस, कढीपत्ता, मोगरा आत. पानांच्या मागे कीड बघा, साबणाच्या पाण्यानं पुसा, दक्षिणेच्या खिडकीत ठेवा, खत बंद आणि पाणी निम्मं. कढीपत्ता पानं टाकतो, घाबरून जास्त पाणी घालू नका, मार्चमधे फुटतो. तुळशीची खात्री मी देणार नाही, तिच्या मंजिऱ्या वाळवून ठेवा.

फावडं आणि मीठ पहिल्या बर्फाच्या आधी घ्या, त्या दिवशी दुकानात काही उरत नाही. साधं रॉक सॉल्ट साधारण १५ फॅरनहाइटच्या खाली फारसं काम करत नाही, तिथे कॅल्शियम क्लोराइड लागतं. ड्राइव्हवेचं काँक्रीट याच वर्षी घातलं असेल तर पहिला हिवाळा मीठ नकोच, वाळू टाका. चाळिशी उलटली असेल नि बीपी असेल तर ओला बर्फ उचलून फेकू नका, ढकलत न्या, किंवा शेजारच्या पोराला पैसे द्या. फूटपाथ कोणी साफ करायचा याचे नियम गावागणिक वेगळे आहेत, शिकागो शहरात घरमालकानंच करायचा असतो.

आता डिसेंबरात तीन आठवडे भारतात जाणाऱ्यांसाठी, म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांसाठी. बिल वाचवायला हीटिंग बंद करून जाऊ नका, ५५ फॅरनहाइटच्या खाली अजिबात नको. थर्मोस्टॅटची बॅटरी नवीन घाला, वायफायवाला असेल तर तापमान उतरलं की फोनवर अलर्ट येईल असं करा. निघताना ह्युमिडिफायर बंद, वॉटर हीटर व्हेकेशनच्या कमी सेटिंगवर, मग मेन शटऑफ बंद, आणि खालच्या नि वरच्या मजल्यावरचा एकेक नळ उघडून पाणी जाऊ द्या. आइसमेकरही बंद. इन्शुरन्सची पॉलिसी एकदा वाचा, रिकाम्या घरात हीटिंग चालू ठेवलं नव्हतं किंवा पाणी बंद केलं नव्हतं तर गोठून झालेल्या नुकसानीचे पैसे बऱ्याच पॉलिसी देत नाहीत. किल्ली ज्यांच्याकडे देताय त्यांना नुसतं "लक्ष ठेवा" म्हणू नका, आठवड्यातून दोनदा आत येऊन बेसमेंटपर्यंत जाऊन यायला सांगा आणि तो लेबलवाला व्हॉल्व दाखवून ठेवा. परत आलात की जेटलॅग असला तरी आधी एक नळ उघडा ठेवून मेन व्हॉल्व हळूहळू सोडा, हवा फसफसत निघून जाऊ द्या, सगळ्या बाथरूम आणि सिंकखाली हात फिरवून ओल नाही ना बघा, आणि मगच वॉटर हीटर परत वर करा.