लहानपणची जत्रा वहीत उतरवताना

मागच्या तीन उन्हाळ्यांत मी आमच्या गावच्या जत्रेवर एक दोनशेपानी वही भरली. गाव सातारा जिल्ह्यातलं, दैवत भैरोबा, जत्रा चैत्री पौर्णिमेची. सुरुवातीला लिहिलेली वीस-बावीस पानं मी फाडली, कारण त्यांत "खूप मजा यायची", "फार गर्दी असायची" याखेरीज काही नव्हतं. तशी जत्रा कुठल्याही गावची असती. आमची कशी होती ते कागदावर यायला जे करावं लागलं, ते इथे सांगते. तुमच्या घरात ऐंशीच्या आसपासचं कुणी असेल तर लवकर बसा त्यांच्याजवळ.

पहिली गोष्ट, जत्रेपासून सुरुवात करू नका. हातातल्या वस्तूपासून करा. माझ्या हातात फुग्याची पिपाणी होती. फुगा फुगवून सोडला की ती रडल्यासारखी वाजायची आणि ओठांना रंग लागायचा. एवढं लिहिलं, आणि रंग पदरानं खसाखसा पुसणारी आत्या आपोआप आली. आत्या आली म्हणून तिच्या हातातलं गोडीशेवेचं पुडकं आलं, पुडक्याचं वर्तमानपत्र पाकानं ओलं झालेलं. मग पैसे कुठे होते ते आठवा. माझे आजीनं खणाच्या चिंधीत गाठ मारून दिले होते, चार पावल्या. ती गाठ मला सुटेना म्हणून खेळण्यांच्या पालापाशी मी दातांनी ओढत उभी होते. वस्तू, हात धरणारा माणूस आणि पैशांची जागा, या तिन्हींपासून सुरुवात केली तर बाकीची जत्रा त्यांच्या मागोमाग येते.

त्यानंतर नकाशा काढा. चित्रकला येत नसली तरी चालेल. मी देऊळ, पार, ओढा आणि शाळेचं मैदान मांडलं आणि पालं एकेक करून बसवत गेले. कासारणी पाराच्या सावलीत, कारण बांगड्या भरायला बायका तासन्‌तास बसायच्या. मेवामिठाईवाले देवळाच्या वाटेवर, कारण परत जाताना शेरणीसाठी पेढे-बत्तासे तिथेच घेतले जायचे. पाळणा मैदानाच्या कडेला. कुस्त्यांचा फड ओढ्याच्या वाळूत, आणि तिथे दुपारी आधी पोराटोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागायच्या. नकाशा सात वर्षांच्या पोरीच्या उंचीवरून काढा, हे मला उशिरा सुचलं. त्या उंचीवरून पालखी दिसतच नाही. दिसतात ती धोतरं, पायताणं, नऊवारीचे काठ, मिठाईच्या फळीखालचा पाण्याचा डबा आणि त्यावर घोंगावणाऱ्या गांधीलमाश्या. मला गुलाल आठवतो तो आकाशात उधळलेला नव्हे, तर जमिनीवर पायांनी कालवलेला, चिखलासारखा. लिहिताना तोच ठेवला.

आता म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. "तुमच्या वेळची जत्रा कशी होती?" असं विचारलं की "लई झ्याक असायची" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी कामाचं विचारा. पाहुणे किती यायचे, झोपायचे कुठे? वर्गणीची पट्टी कोण गोळा करायचं? दुसऱ्या दिवशीचं मटण कुणी शिजवायचं, बाप्यांनी की बायकांनी? समोरासमोर बसवून मुलाखत घेऊ नका. आई तांदूळ निवडत होती, मी शेजारी बसून निवडू लागले, फोन रेकॉर्डिंगला लावून सुपाच्या आड ठेवला. तिला आधी सांगितलं होतं, पण थोड्या वेळानं ती विसरली आणि मोकळं बोलू लागली.

मी विचारलं, "आई, तुला पालखी कुठून दिसायची?"

ती म्हणाली, "मला कुठली दिसतीया? लग्न करून आले तवापासनं अकरा वर्सं चुलीम्होरंच होते की. पंचवीस-तीस माणसांच्या भाकरी. हलगी घुमली की कळायचं, पालखी पारावर आली. थांबली की म्हणायचं, वड्यापाशी नारळ फुटला. तवर माझी दुसरी परात मळून व्हायची."

माझं सगळं लहानपण जिच्या जिवावर त्या जत्रेत गेलं, तिनं ती अकरा वर्षं फक्त ऐकली होती. आणि इतकी नेमकी ऐकली होती की तिच्या आवाजांवरून मी पालखीची वाट माझ्या नकाशावर आखली. म्हणून वहीत एक वेगळा भाग केला: आईची जत्रा, कानानं ऐकलेली. तुम्हीही घरातल्या बायकांना हा प्रश्न जरूर विचारा.

बोलताना आलेले शब्द जसेच्या तसे लिहा. छबिना, शेरणी, मानाची काठी, फड, पाल. "मिरवणूक", "प्रसाद", "स्टॉल" असे बदलू नका. पैशांबद्दल मात्र खुलासा करून घ्या. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, पण पंचवीस पैशांना लोक पुढे कितीतरी वर्षं चार आणेच म्हणत. आजोबा "दोन आण्याला भेळ" म्हणाले तर ती सोळा आण्यांच्या रुपयातली की नंतरची, ते त्यांच्या वयावरून पडताळा.

साल कसं काढायचं? जत्रा तिथीवर असते, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. चैत्री पौर्णिमा २०२३ साली ६ एप्रिलला होती, पुढे अधिक महिना पडला म्हणून २०२४ ला २३ एप्रिलला गेली, आणि २०२५ ला १२ एप्रिलला आली. म्हणजे परीक्षा संपली होती की चालू होती, कैऱ्या पाडाला लागल्या होत्या की नाही, यावरूनही सालाचा अंदाज बांधता येतो. बैलगाडा शर्यत आठवत नाही असं घरातला तरुण म्हणाला, तर त्याचंही कारण असू शकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानं त्या बंद झाल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह पुन्हा परवानगी मिळाली. त्याचं बालपण या मधल्या वर्षांतलं असेल.

माझ्याजवळ याहून मोठी खूण होती. मला आठवत होतं की एका जत्रेला चंद्र उगवला तोच कुरतडलेला. आम्हां पोरांना आजीनं भेळ खाऊ दिली नाही, "वेध लागल्यात, गिराण सुटंस्तवर तोंडात काय घालायचं न्हाय" म्हणून. भुकेनं मी रडले होते. थोरला भाऊ म्हणायचा, ढग असेल, तुला स्वप्न पडलं असेल. कधी म्हणायचा, ते शहाण्णव सालचं ग्रहण. पण ४ एप्रिल १९९६ चं ग्रहण पहाटेचं होतं, आणि तेव्हा मी सतरा वर्षांची होते, भेळेसाठी रडायच्या वयाची नव्हते. आईच्या ट्रंकेत तळाला घातलेली जुन्या कालनिर्णयाची पानं होती. कालनिर्णय १९७३ पासून निघतं, आणि आमच्याकडे त्यावर दुधाचा हिशेब असायचा. त्यात एप्रिल १९८६ चं पान सापडलं: २४ तारीख, गुरुवार, चैत्र पौर्णिमा. त्या दिवशी चंद्रग्रहण होतं. चंद्र ग्रहण लागलेल्या अवस्थेतच उगवला होता, पंचांगात याला ग्रस्तोदित म्हणतात, आणि आठाच्या सुमाराला ग्रहण सुटलं. मी सात वर्षांची होते. पानाच्या कडेला आईचं अक्षर: "दूध जादा ४ लि., पाहुणे."

अशी एक तारीख पक्की झाली की तिच्या आधीची आणि नंतरची वर्षं तिच्याभोवती लावता येतात. पिपाणी त्याच्या आदल्या वर्षीची, कारण १९८६ ला माझ्याजवळ भिरभिरं होतं.

जिथे दोघांचं जमत नाही तिथे निवाडा करू नका. भाऊ म्हणतो पाळण्याला चार पेट्या होत्या आणि माणूस हातानं फिरवायचा, मला त्याहून कितीतरी मोठा आठवतो. दोन्ही लिहिलं, कुणी सांगितलं ते कंसात टाकून. त्यासाठी वहीचं डावं पान कोरं सोडत जा, उजव्यावरच लिहा. मागाहून आलेली दुरुस्ती डाव्या पानावर, तारखेसह.

शेवटी ज्यांनी सांगितलं त्यांना वाचून दाखवा. हे टाळू नका. मी आईला तिचा भाग वाचून दाखवला. तिनं मधेच हात वर केला. "अकरा न्हवं, दहाच. तुजं गिराण झालं त्या वर्सी स्वयंपाक थांबला हुता न्हवं? मग मी बी आले हुते की पाराजवळ. तू रडत हुतीस, तुला कडंवर घेतलं ते कोण हुतं मग?"

ते डाव्या पानावर लिहिलं आहे.