लोकसंग्रहालयात समकालीन कलेचे प्रदर्शन कसे भरवावे

सोलापुरात एखाद्या वस्तीने किंवा जुन्या गिरणी कामगारांनी जमवलेल्या वस्तूंचे छोटे संग्रहालय असेल आणि तेथे आजच्या कलावंतांचे काम मांडायचे असेल, तर सुरुवात कलावंतांच्या यादीपासून न करता संग्रहातील वस्तूंपासून करावी. जेकार्ड मागाची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाची, भोके पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी, विडी वळणाऱ्या बाईचे सूप किंवा १९३० मध्ये इंग्रज सरकारने सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉच्या (लष्करी कायद्याच्या) दिवसांतील एखादा कागद कलावंतासमोर ठेवावा आणि त्यातून त्याला काय सुचते ते पाहावे. तयार चित्रे आणून भिंतीवर टांगायची असतील, तर त्यासाठी लोकसंग्रहालयाची गरज नाही. मात्र वस्तू घरच्यांनी विश्वासाने दिलेली असते, म्हणून कलावंताने ती हाताळण्यापूर्वी त्या कुटुंबाची लेखी संमती घ्यावी.

कलावंताशी करारपत्र करावे. मानधन, वाहतुकीचा खर्च, विक्रीची मुभा, छायाचित्रांचा वापर आणि परतीची तारीख एवढे त्यात असले तरी पुरते. कलाकृती ताब्यात घेताना तिच्या स्थितीची नोंद छायाचित्रांसह करून दोघांनी तीवर सही करावी.

तारीख ठरवताना चाळीस अंशांपलीकडे जाणारा उन्हाळा टाळावा. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेमुळे शहरात माणसे पुष्कळ असतात, पण ती गर्दी यात्रेची असते. फेब्रुवारी अधिक सोयीचा.

मांडणीत सर्वांत जास्त काळजी कापडाची घ्यावी, कारण या शहरात कलावंत हमखास कापडाकडे वळतो. चादरीसारखे जड कापड खिळ्यांवर लटकवल्यास त्याचा सगळा भार चार-दोन धाग्यांवर येतो. त्याऐवजी सुती पट्टीवर वेल्क्रो शिवून ती पट्टी कापडाच्या मागील वरच्या कडेला हाताने टाचावी आणि वेल्क्रोचा दुसरा भाग भिंतीवरील लाकडी पट्टीला लावावा, म्हणजे भार सारखा विभागला जातो. कापड आणि कागद यांवर सुमारे ५० लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक), तर तैलचित्रांवर २०० लक्सपर्यंत प्रकाश चालतो. मोबाइलवरील प्रकाशमापकाचा आकडा ढोबळ असला तरी अंदाजाला तो पुरतो. प्रकाशाने होणारी हानी साचत जाते आणि उडालेला रंग परत येत नाही, म्हणून दुपारच्या उन्हाच्या खिडक्या जाड पडद्यांनी झाकाव्यात. सोलापुरात जाड कापडाची वाण नाही. चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवावा आणि शाळकरी मुले अधिक येणार असतील तर आणखी खाली घ्यावा.

माहितीफलक शक्यतो कलासमीक्षकाकडून लिहून घेऊ नयेत. मजकूर साठ-सत्तर शब्दांत बसवावा, निवृत्त गिरणी कामगाराला वाचून दाखवावा आणि तो जिथे अडखळेल तिथे वाक्य बदलावे. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू मजकूरही द्यावा. त्यातला तेलुगू मजकूर शहराच्या पूर्व भागातील एखाद्या तेलुगू विणकर घराकडून तपासून घ्यावा, कारण तेथील बोली पुस्तकी तेलुगूहून वेगळी पडते. यंत्रमाग कामगारांच्या सुट्टीच्या दिवशी दालन उघडे असावे, आणि त्या दिवशी तेथे कलावंताने स्वतः थांबावे.

प्रदर्शन उतरवताना प्रत्येक कलाकृती पहिल्या नोंदीशी ताडून पाहावी, फरक आढळल्यास तो तिथेच लिहावा आणि कलावंताची सही घेतल्यावरच ती बांधायला द्यावी.