जुन्या फोटोतलं जर्मन विमान ओळखायचंय? आधी नाक बघा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नाणी विकणाऱ्याकडे कधीकधी जुन्या फोटोंचा खोका असतो, त्यात मला नक्षीदार कडांचा एक छोटासा फोटो मिळाला, मागे आग्फा लुपेक्स (फोटोच्या कागदाचं नाव) छापलेलं, पुढे विमानाला टेकून बसलेली दोन पोरं आणि शेपटीवर स्वस्तिक. मी लगेच मित्राला मेसेज टाकला, मेसरश्मिट मिळालं रे! घरी भिंग घेऊन बघतो तर पोरं बसलीयत चाकाच्या जाडजूड कव्हरवर. मेसरश्मिट 109 (जर्मन लढाऊ विमान) ची चाकं पंखात आत जातात, त्यावर कोण बसणार? ते होतं युंकर्स 87, म्हणजे स्टुका, सूर मारून बॉम्ब टाकणारं विमान. ते बाहेरच राहणारं चाक आणि मधे वाकलेला पंख दिसला की दुसरं काही शोधायला नको.

तर शेपटीवर जाऊ नका, फिनलंडच्या विमानांवर पण स्वस्तिक असायचं (निळं, पांढऱ्या गोलात) आणि त्यांच्याकडे 1943 पासून 109 पण होती. आधी नाक बघा. पुढे गोल तोंड आणि आत सिलिंडर, तर फोके-वुल्फ 190 असू शकतं, निमुळतं असेल तर 109. पण युंकर्स 88 फसवतं, त्याचे रेडिएटर गोल बसवलेत म्हणून इंजिनाचे सिलिंडर रांगेत असूनही नाक गोल वाटतं. मग चाकं: 109 ची जवळजवळ असतात आणि बाहेरच्या बाजूला मिटतात, 190 ची लांब लांब आणि आत मिटतात. 109 मध्येच पंखाचं टोक चौकोनी आणि शेपटीखाली आधाराची दांडी असेल तर ई मॉडेल किंवा आधीचं, टोक गोल आणि दांडी गायब तर एफ किंवा नंतरचं. तीन इंजिनं आणि पत्र्यावर पन्हाळीसारख्या रेषा, तर युंकर्स 52.

अक्षरं शेवटी. बॉम्बरवर अंगावरच्या काळ्या क्रॉसच्या दोन्ही बाजूंना मिळून चार असतात, समजा टी6 मग क्रॉस मग एचके, तर टी6 म्हणजे दुसरं स्टुका गेश्वाडर (मोठी तुकडी), एच हे त्या एका विमानाचं अक्षर आणि के म्हणजे दुसरी स्टाफेल (त्यातली छोटी तुकडी). अक्षरं उलटी दिसली तर निगेटिव्ह उलटी छापलीय, घाबरू नका. आणि रंग काळ्या-पांढऱ्यावरून ठरवायला जाऊ नका हां, त्या काळच्या काही फिल्मवर लाल आणि पिवळा पण काळपट उमटतो.

सगळ्यात मोठा धोका सिनेमाचा. 1969 च्या एका ब्रिटिश युद्धपटात 109 म्हणून स्पेनची विमानं उडवलीयत आणि त्यातले फोटो खरे म्हणून फिरतात. त्यांच्यात ब्रिटिश मर्लिन इंजिन आहे, त्यामुळे धुराची नळकांडी नाकाच्या वरच्या बाजूला येतात, खऱ्या 109 मध्ये इंजिन उलटं बसवलेलं म्हणून ती खाली.

आता गोव्यात असला फोटो आला कुठून? 1939 ला युद्ध सुरू झालं आणि जर्मन जहाजं मुरगावला अडकली, त्यातलं एहरेनफेल्स 9 मार्च 1943 ला बुडालं, खलाशी काही इथेच राहिले. माझा फोटो त्यांच्यापैकी कुणाचा असेल असं म्हणायला काही आधार नाही, नाणीवाला तर म्हणाला बेळगावहून आलाय.