घरी चालतं, वर्गात अडतं: शिक्षकांनो, या चुका टाळा

आदल्या रात्री नाशिकच्या म्हसरूळमधल्या घरी सगळं झकास चाललं होतं. सातवीच्या विज्ञानाचा व्हिडिओ, त्यावर पाच प्रश्नांची चाचणी, मराठीत केलेली नीटनेटकी पीपीटी. सकाळी पेठ रोडने सावळघाट ओलांडला आणि मोबाइलच्या रेंजच्या कांड्या एकेक करून गळाल्या. वर्गात टीव्ही लावला, तर पडद्यावर एक गोल फिरतोय आणि एकतीस मुलं त्या गोलाकडे टक लावून बघतायत. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हाच व्हिडिओ आहे का?"

आपली तयारी घरच्या नेटवर, घरच्या लॅपटॉपवर होते आणि तास मात्र शाळेत होतो. शिक्षण परिषदेत, म्हणजे आम्हा शिक्षकांच्या बैठकीत, चहाच्या वेळी ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यातल्या बहुतेक या दोन जागांमधल्या फटीत पडलेल्या असतात. खालच्या चुकांपैकी निम्म्या तरी मी स्वतः केल्या आहेत, तेव्हा उपदेश म्हणून वाचू नका.

लिंक जपून ठेवली म्हणजे व्हिडिओ जपला असं नाही

वहीत किंवा व्हॉट्सअपवर स्वतःलाच लिंक पाठवून ठेवायची आपली सवय. रेंज नसलेल्या शाळेत त्या लिंकचा उपयोग शून्य. यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये 'डाउनलोड' केलेला व्हिडिओही फसवतो. तो त्या अ‍ॅपच्या आतच राहतो, पेनड्राइव्हवर घेता येत नाही, आणि फोनला बराच काळ नेट मिळालं नाही तर उघडतच नाही.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' या सरकारी शिक्षण-अ‍ॅपचं तसं नाही. घरी नेट असताना अ‍ॅपमध्ये पाठ उतरवून घ्या, शाळेत नेटशिवाय चालतो. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड वर्गात उभं राहून स्कॅन करू नका, आदल्या दिवशी करा. पुस्तकाचं पान फाटलेलं असेल किंवा कोडवर कोणी मिशा काढल्या असतील, तर कोडखाली छापलेली सहा अक्षरं-अंक अ‍ॅपच्या शोधखिडकीत टाइप करा, तोच पाठ समोर येतो. हे अनेकांना ठाऊकच नसतं.

विज्ञान-गणितासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' नावाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, बघा. त्यातली कित्येक मराठीत आहेत, आणि नव्या प्रकारची सिम्युलेशन्स एकेका फाइलच्या रूपात उतरवून घेता येतात. ती फाइल ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते. विजेचं मंडल जोडून बल्ब लावायचा खेळ मुलांच्या हाती दिला की मला पंधरा मिनिटं तोंड उघडावं लागत नाही.

पेनड्राइव्ह लावला, टीव्ही म्हणतो काहीच नाही

लोकवर्गणीतून आलेला टीव्ही बहुधा दोन पद्धतींनी रुसतो. पहिली म्हणजे त्याला पेनड्राइव्हच दिसत नाही. जुने टीव्ही बऱ्याचदा फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पेनड्राइव्ह वाचतात. लॅपटॉपवर तो तसा फॉरमॅट करून घ्या, पण आधी आतलं सगळं दुसरीकडे काढा, कारण फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी. आणि फॅट-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. 'जागा भरपूर आहे तरी कॉपी का होत नाही' याचं उत्तर ते.

दुसरी पद्धत जास्त गोंधळात टाकते. फाइल दिसते, आवाज येतो, चित्र काळं. किंवा चित्र दिसतं, आवाज गायब. फाइल खराब नसते, ती ज्या प्रकारे बांधलेली असते तो प्रकार टीव्हीला उमगत नाही. नव्या फोनच्या कॅमेऱ्यात 'हाय एफिशिअन्सी', म्हणजे व्हिडिओ कमी जागेत साठवण्याचं सेटिंग, चालू असेल तर हे बऱ्याचदा होतं. शाळेसाठी चित्रण करताना ते सेटिंग बंद ठेवा. आयत्या वेळी अडलंच, तर टीव्हीचा नाद सोडा. लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेयरमध्ये फाइल लावा आणि एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडा.

जोडल्यावर टीव्हीवर काहीच आलं नाही, तर विंडोजचं बटण दाबून धरा, पी दाबा आणि 'डुप्लिकेट' निवडा. आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल, तर खालच्या पट्टीतल्या स्पीकरच्या चिन्हावरून टीव्ही निवडावा लागतो. जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए वायर असेल तर तिच्यातून आवाज जातच नाही, वेगळा स्पीकर नेणं भाग आहे.

मराठी मजकुराचं भजं

यावर माझा राग आहे, म्हणून जरा सविस्तर. घरी श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये बसवलेली प्रश्नपत्रिका केंद्रशाळेच्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची जत्रा दिसते. कारण साधं आहे. त्या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षरंच टाइप केलेली असतात, फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मुखवटा गळतो. युनिकोड या सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या पद्धतीत 'क' हा सगळीकडे 'क'च असतो. फॉन्ट बदलला तर वळण बदलेल, अक्षर नाही.

म्हणून यापुढचं सगळं युनिकोडमध्येच. टायपिंगचा कंटाळा येत असेल तर फोनच्या जीबोर्ड कीबोर्डवर मराठी निवडून माइक दाबा आणि बोला. विरामचिन्हं नंतर घाला. जुन्या प्रश्नपत्रिका कन्व्हर्टरने बदलता येतात, पण बदलल्यावर डोळ्यांत तेल घालून वाचा. रफार पुढच्या अक्षरावर उडी मारतो, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, ऱ्हस्व इकार भलत्या जागी बसतो. आमच्याकडे एका चाचणीत 'वर्ग' चा 'वगर्' झाला होता आणि तिसरीतल्या पोरांनी तो तसाच वहीत उतरवला. चूक मुलांची नव्हती.

छपाईला किंवा दुसऱ्या शाळेला पाठवताना वर्डची फाइल देऊ नका, पीडीएफ करून द्या. व्हॉट्सअपवर फोटो पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून लहान केला जातो आणि नकाशावरची गावांची नावं मुंग्यांसारखी दिसतात.

ऑनलाइन चाचणी: फोन कोणाकडे आहे?

गुगल फॉर्म करताना 'एकच प्रतिसाद' हा पर्याय आपण शिस्तीसाठी निवडतो. तो निवडला की उत्तर देणाऱ्याला गुगल खात्याने लॉगइन करावं लागतं आणि त्या खात्यातून एकदाच उत्तर जातं. घरात फोन एक, मुलं दोन. थोरलीने चाचणी सोडवली की धाकट्याला दार बंद. हा पर्याय बंद ठेवा आणि नाव व हजेरी क्रमांक हे प्रश्न अनिवार्य करा.

एका ओळीचं उत्तर विचारलं की फॉर्म तुम्ही दिलेल्या उत्तराशी अक्षर न् अक्षर जुळवून बघतो. 'ब्रह्मगिरी' ऐवजी 'ब्रम्हगिरी' लिहिणाऱ्याला शून्य, आणि गोदावरी कुठे उगम पावते हे त्याला पक्कं ठाऊक असतं! एकतर पर्याय द्या, नाहीतर शक्य ती सगळी लेखनं बरोबर उत्तरांच्या यादीत घाला.

मुलांना उत्तर देणाऱ्यांसाठीची ('रिस्पॉन्डर') लिंकच पाठवा. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतली, स्वतःच्या संपादनाची लिंक ग्रुपवर टाकली आणि परवानगीही सैल असली, तर पालकच प्रश्न बदलून ठेवू शकतात.

आणि मुदत. द्राक्षाच्या छाटणीला आमच्याकडचे पालक दिंडोरी-निफाडकडे जातात, फोन त्यांच्या खिशात. रात्री आठपर्यंतची चाचणी म्हणजे अर्धा वर्ग गैरहजर. मी तीन दिवस देतो, आणि तरी काहींसाठी कागदावर घेतो.

शाळेचं खातं आणि गुरुजींची बदली

शाळेच्या नावाचं जीमेल कोणीतरी उत्साही गुरुजी काढतात, त्यात स्वतःचा मोबाइल नंबर देतात. मग त्यांची बदली होते. वर्षभराने पासवर्ड मागितला जातो, ओटीपी जातो दुसऱ्या तालुक्यात, आणि तो नंबरही एव्हाना बदललेला. खात्यातली सात-आठ वर्षांची छायाचित्रं, अहवाल, सगळं कुलूपबंद. बदलीच्या कार्यमुक्तीत दप्तराच्या याद्या देतो, तसा रिकव्हरी नंबर आणि ईमेल बदलून देणं हेही एक काम धरा. पासवर्ड मुख्याध्यापकांच्या कपाटातल्या वहीत असू द्या, कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवलेला नको. हो, मी तो भिंतीवर पाहिला आहे, जिल्ह्याच्या नकाशाशेजारी.

फुकटच्या गुगल खात्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी जागा असते. स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ चढवत गेलात की ती भरते आणि मग येणारी मेलही थांबते. दोन वर्षं खातं अजिबात वापरलं नाही तर गुगल ते काढून टाकू शकतं, हेही लक्षात असू द्या.

मुलांची माहिती

आधार क्रमांकांसह वर्गाची यादी पालकांच्या ग्रुपवर टाकू नका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. प्रवेशाच्या वेळीच फोटोसाठी लेखी संमती घेतली की पुढची कुरबुर वाचते.

एआयने काढलेले प्रश्न

काढून घ्या, वेळ वाचतो. पण पुस्तक शेजारी उघडं ठेवा. मला एकदा साल्हेर हे राज्यातलं सर्वांत उंच शिखर म्हणून आलं, तेही ठाम भाषेत. सर्वांत उंच कळसूबाई, १,६४६ मीटर; साल्हेर १,५६७ मीटर, दुसऱ्या क्रमांकावर. दोन्हींशी नाशिक जिल्ह्याचं नातं असल्यामुळे माझ्या लक्षात आलं, दुसऱ्या जिल्ह्याचं असतं तर कदाचित तसंच छापलं असतं. मुलांची नावं, गुण, आजारपणं त्यात टाइप करू नका.

खडू, पाऊस आणि मे महिना

प्रोजेक्टर दहा मिनिटांत आपोआप बंद पडत असेल तर दुरुस्तीला नेण्याआधी त्याची जाळी उघडून बघा. खडूच्या भुकटीने ती बुजली की आतली गरमी बाहेर पडत नाही आणि यंत्र स्वतःला वाचवायला बंद होतं. कोरड्या ब्रशने झाडा, फळ्यापासून जरा दूर ठेवा. दिव्याचा प्रोजेक्टर रिमोटने बंद करून पंखा थांबेपर्यंत मेन स्विचला हात लावू नका.

टॅबचं मात्र सुट्टीत वाटोळं होतं. शेवटच्या दिवशी शून्यावर आलेले टॅब पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात जातात, वर मे महिन्याचं ऊन. जूनमध्ये उघडावं तर काही चालू होत नाहीत, एखाद्याची बॅटरी फुगून पाठ उचकटलेली. बॅटरी निम्म्याच्या आसपास चार्ज करून बंद करा, पत्र्याऐवजी स्लॅबच्या खोलीत ठेवा, आणि गावात राहणाऱ्या कोणाला तरी महिन्याने एकदा बघायला सांगा. फुगलेला टॅब चार्जिंगला लावून 'बघू चालतो का' करू नका, तो वेगळा काढा. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींनाही घाम येतो. तेव्हा हीच यंत्रं झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात येणाऱ्या त्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. पुड्या मुलंच घरून गोळा करून आणतात.