वर्दीशिवायचा पोलीसपट: पुण्यात, दोन दिवसांत

पेपरात आठवड्यातून एकदा तरी ही ओळ असतेच: 'बनावट ग्राहक पाठवून पोलिसांनी सापळा रचला.' स्वस्तातल्या मारधाडपटांचा सगळा जीव या ओळीत आहे. दोघं समोरासमोर बसलेत, एकाला खरं काय ते माहीत आहे, दुसऱ्याला नाही, आणि प्रेक्षक दोघांकडेही बघतोय. गाडी उडवायला पैसे लागतात; गुपित आता फुटतंय की मग, ही धास्ती फुकट मिळते. जीप नको, ठाण्याचा सेट नको, वर्दीही नको. म्हणून वीस मिनिटांची पहिली फिल्म करणाऱ्यांनी हाच प्रकार धरावा: ओळख लपवून टोळीत घुसलेल्या पोलिसाची गोष्ट. बहुतेक गट मात्र सगळा जोर मारामारीवर लावतात आणि नायक नक्की कशाला घाबरतोय हेच लिहायचं राहून जातं.

लिहायला बसल्यावर पहिला प्रश्न: हा पोलीस आहे हे किती जणांना माहीत? उत्तर 'एकालाच' असेल तर निम्मी पटकथा झाली. 1978 च्या 'डॉन'मधला विजय स्वतः पोलीस नाही, पण त्याला टोळीत घुसवणारा डीएसपी मेल्यावर त्याच्या बाजूने बोलणारा कोणी उरत नाही. ही कळ आजही चालते. नायक, साहेब, खबरी आणि टोळीवाला, चार नट पुरेत. प्रत्येक प्रसंगात नायकाला एक खोटं बोलायला लावा आणि पुढे त्याची किंमत वसूल करा. 'मी सोलापूरचा' म्हणाला, तर चौथ्या प्रसंगात खरा सोलापूरकर भेटून विचारेल, 'कुठल्या पेठेत राहायचास रे?' फोनवर 'साहेब' म्हणायचं नाही. 'काका, गोळी घेतली का?' असं विचारायचं. पान म्हणजे साधारण एक मिनिट, त्यामुळे वीस पानांच्या पुढे जाऊ नका.

जागा तीनच ठेवा. कसबा किंवा सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याचा जिना आणि बोळ, एक अमृततुल्य, एक बंद खोली. बोळात दोन माणसं शेजारून जाताना खांदे घासतात, तिथे पाठलाग धावत नाही तर चालत दाखवा, जास्त अंगावर येतो. अमृततुल्यवाल्याला दुपारी दोन ते चारची वेळ विचारा, गिऱ्हाईक कमी असतं. स्टोव्हचा आवाज संवादावर चढतो, म्हणून तो बंद असतानाच बोलणं रेकॉर्ड करा आणि स्टोव्हचा आवाज वेगळा मिनिटभर घेऊन ठेवा. नदीपात्र स्वस्त आणि देखणं आहे, पण पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो. गणपतीच्या आधीचे दोनेक महिने संध्याकाळी तिथे ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. ते आवाज नंतर सॉफ्टवेअरने पुसले जातील या भरवशावर राहू नका. जुनी जाकिटं, बटणांचे फोन, पाकिटं बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात बघा.

आता हुकमी प्रसंग. लाचेच्या सापळ्यात नोटांना अँथ्रासीन पावडर लावतात. ती एरवी दिसत नाही, अतिनील दिव्याखाली निळसर चमकते. आपल्या गोष्टीत ती खुणेची पावडर नायकाच्याच बोटांना राहिली आहे, आणि टोळीवाल्याच्या टेबलावर नोटा तपासायचा दिवा आहे. खरी पावडर आणायची गरज नाही. कपडे धुवायच्या बहुतेक द्रव साबणांत कपडे उजळ दिसावेत म्हणून घातलेलं द्रव्य असतं, तेही तसंच निळं चमकतं. चार थेंब साबण, चार थेंब पाणी, ब्रशने दोन बोटांच्या टोकांना लावायचं, पाच मिनिटं वाळू द्यायचं. अतिनील टॉर्च 365 नॅनोमीटरची घ्या; 395 ची स्वस्त असते, पण सगळी खोली जांभळी होते आणि बोटं त्यात हरवतात. डोळ्यांत मारू नका.

इथे हमखास फसतं ते कपड्यांमुळे. नायकाने घरी धुतलेला पांढरा शर्ट घातला असेल, तर टॉर्च लावताच बोटांच्या आधी शर्टच झगमगतो. गडद कपडे आणा आणि आदल्या दिवशी त्यांच्यावर टॉर्च मारून बघा. दुसरी चूक फोनची: अंधार दिसताच तो स्वतःहून उजेड वाढवतो आणि निळं पांढरं पडतं. एक्स्पोजर, म्हणजे चित्रात किती उजेड घ्यायचा ते, कुलूपबंद करा. नोटांच्या गड्डीला वर-खाली एकेक खरी नोट, मधे त्याच मापाचे कोरे कागद. नोटांच्या रंगीत प्रती छापू नका, तो गुन्हा आहे.

मारामारी एकच, आठ ते दहा फटक्यांची, वाड्याच्या जिन्याखाली. मूठ नाकासमोरून वीतभर अंतराने आडवी जाते. कॅमेरा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवला की ते अंतर दिसत नाही. फोनच्या रुंद लेन्समध्ये मात्र दिसतं, म्हणून तीन-चार मीटर मागे जाऊन दुप्पट झूम वापरा. मार खाणारा मूठ यायच्या आधीच मान वळवतो, ही दर वेळची रड. तालीम पाव गतीने, मग अर्ध्या, मग पाऊण. पूर्ण वेगाने कधीच नाही. आवाज नंतर: ओल्या पंच्याचा उशीवर फटका म्हणजे ठोसा, गाजर मोडलं की हाड.

रक्ताला एक वाटी कॉर्न सिरप, दोन छोटे चमचे लाल खाद्यरंग, पाव चमचा कोको. कोको नसेल तर ते सरबत दिसतं. शर्ट तीन सारखे घ्या आणि रक्ताचे शॉट शेवटी ठेवा, कारण रंग जात नाही आणि वाड्यातल्या मुंग्यांना पत्ता लगेच लागतो.

खेळण्यातली बंदूक फक्त बंद खोलीत काढायची. बोळात काढलीत तर कोणीतरी 112 फिरवेल आणि त्याचं बरोबरच असेल. जागामालकाचं पत्र आणि स्थानिक पोलीस ठाण्याला दिलेल्या अर्जाची पोच सेटवर हाताशी ठेवा; सार्वजनिक जागेसाठी महापालिकेची परवानगी वेगळी लागते. एखाद्या प्रसंगात वर्दी हवीच असेल, तर ती घालून चहा आणायला बाहेर पडू नका: पोलीस असल्याचं भासवण्यासाठी वर्दी घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 205 मध्ये बसतं.

कॅमेऱ्याला सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद. आपली वीज 50 हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. फोन आपल्या मनाने 30 फ्रेम आणि 1/60 धरतो आणि भिंतीवर काळे पट्टे सरकायला लागतात. मारामारीला 1/100 करा, पट्टे येत नाहीत आणि फटका धारदार दिसतो.

जोडणी (एडिटिंग) झाली की पटकथा न वाचलेल्या एकाला फिल्म दाखवा. पाचव्या मिनिटाला थांबवून विचारा, 'हा पोलीस आहे हे कोणाकोणाला माहीत आहे?' उत्तर चुकलं तर आधीची पाच मिनिटं परत जोडायला बसा. मारामारीला तोवर हात लावू नका.