बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांनी वसवलेल्या गावाचा इतिहास कसा लिहावा

सोलापूर जिल्ह्यातील बहुतेक गावांना आपली स्थापना कधी झाली हे ठाऊक नसते आणि त्याची कोणाला फारशी गरजही भासत नाही. माळशिरस तालुक्यातील अकलूजजवळच्या माळीनगरची गोष्ट वेगळी आहे. सासवडकडून आलेल्या माळी बागायतदारांनी नीरेच्या पाण्यावर हे गाव वसवले आणि १९३२ साली स्वतःच्या भांडवलावर सासवड माळी शुगर फॅक्टरी ही कंपनी उभी केली. इतक्या अलीकडे जन्मलेल्या गावाचा इतिहास कागदांतून आणि माणसांच्या बोलण्यातून आजही गोळा करता येतो, आणि तो करायचा असेल तर उशीर करू नये. हे मार्गदर्शन माळीनगर समोर ठेवून लिहिले आहे. पण कालव्याकाठी, कारखान्याभोवती किंवा पुनर्वसनातून वसलेल्या कोणत्याही शेतीगावाला ते लागू पडेल.

कामाची सुरुवात संस्थापकांच्या छायाचित्रांपासून करू नये, पाण्यापासून करावी. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर दख्खनमध्ये कालव्यांची कामे वाढली; १८८५ मध्ये नीरा डाव्या कालव्याचे पाणी सुरू झाले आणि बारामतीच्या बाजूला ऊस व गुळाचे क्षेत्र पसरले. सासवडचे माळी शेतकरी या बागायतीत आधीपासून मुरलेले होते. कालवा जिथे जाईल तिथे ते गेले, स्थानिक जमीनमालकांकडून खंडाने जमिनी घेतल्या, भरपूर खत व पेंड घालून ऊस पिकवला आणि गुऱ्हाळे चालवली. पुढे भाटघरला नवे, मोठे धरण बांधले गेले आणि उजव्या कालव्याचे पाणी पर्जन्यछायेतल्या माळशिरसच्या ज्वारीच्या रानात आले. याच सुमारास जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले आणि १९३२ च्या कायद्याने देशी साखरेला आयातीपासून संरक्षण मिळाले. ही तिन्ही कारणे एकत्र मांडल्याशिवाय गुऱ्हाळवाले शेतकरी कारखानदार का झाले याचा उलगडा होत नाही, आणि गावाचा इतिहास केवळ काही कर्तबगार पुरुषांच्या धाडसाची कहाणी होऊन बसतो. धाडस होतेच, पण त्याला पाट, भाव आणि कायदा यांची जोड होती.

यानंतर जमिनीच्या कागदांकडे वळावे. माझ्या मते या कामाचा अर्ध्याहून अधिक वेळ इथेच जावा. नवे गाव बहुधा दुसऱ्या महसुली गावाच्या शिवारात वसलेले असते, त्यामुळे जुन्या नोंदींत त्याचे नाव शोधून काही हाती लागत नाही. आधी ते कोणत्या मूळ गावाच्या हद्दीत होते हे तलाठी कार्यालयातून निश्चित करून मगच गट नंबर व त्यामागचे जुने सर्व्हे नंबर काढावेत. सातबारा हा शेवटचा निकाल सांगतो, तो कसा लागला हे फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये कळते. जमीन कोणाची होती, ती खरेदीने आली की खंडाने, किती वर्षांच्या कराराने आली, वारस कोण लागले, हे सारे एकेका फेरफारात दोन-चार ओळींत लिहिलेले असते. जुन्या सातबाऱ्यातील इतर हक्कांचा रकाना मुद्दाम वाचावा. नमुना बारामधील पिकांच्या नोंदी वर्षानुवर्षे ओळीने पाहिल्या की ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस कोणत्या गटात कधी आला हे स्पष्ट दिसते. जुने अभिलेख तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात व भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून, शुल्क भरून मिळतात. काही नोंदी मोडीत असतात. तेव्हा अंदाजाने वाचण्यापेक्षा मोडीच्या जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे.

खंडाच्या जमिनींचा विषय टाळू नये, कारण कालव्यावरच्या अशा गावांच्या इतिहासाचा तो कणा आहे. १९४८ च्या कुळकायद्यात उसासाठी दिलेल्या खंडाच्या जमिनींना काही कलमांतून सूट होती, त्यामुळे १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने, म्हणजे कुळे जमिनीची मालक मानली गेली त्या दिवसाने, इतरत्र जे बदलले ते इथे तसेच बदलले नाही. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खासगी साखर कारखान्यांकडील मोठी क्षेत्रे सरकारकडे गेली, ती कसण्यासाठी १९६३ मध्ये शेती महामंडळ स्थापन झाले आणि मूळ मालक असलेल्या खंडकरी शेतकऱ्यांचा जमीन परत मिळवण्याचा लढा पुढे कित्येक दशके चालला. आपल्या गावातले कोणते गट या फेऱ्यातून गेले आणि कोणते त्याबाहेर राहिले, हे फेरफारांवरून ठरवावे. ऐकीव माहितीवरून लिहू नये. पाणी येण्याआधी ज्यांनी जिराईत जमीन थोड्या खंडावर दिली त्यांच्या घरात या इतिहासाची आठवण वेगळी असते, आणि त्या घरांत न जाता लिहिलेला इतिहास अपुरा राहतो.

गावाच्या आधीच्या चित्रासाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूर जिल्ह्यावरील १८८४ चा खंड वाचावा. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत गावनिहाय आकडे मिळतात. सोलापुरातील हिराचंद नेमचंद वाचनालय आणि विद्यापीठाचे ग्रंथालय येथे चौकशी करावी. सरकारी पत्रव्यवहारासाठी पुण्याचे पुरालेखागार आहे. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर सहसा दुर्लक्षित राहते. मात्र मुलांची जन्मगावे आणि पालकांचे व्यवसाय पाहिले की कुटुंबे कोठून, कोणत्या सुमारास आली याचा माग लागतो. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी असलेले कोतवाल बुकही याच कामी येते. कारखान्याचे वार्षिक अहवाल मिळाल्यास उत्तमच.

मुलाखतींची तयारी कागद वाचून झाल्यावर करावी, कारण प्रश्न अचूक असला की उत्तरही अचूक येते. ‘गाव कधी वसले?’ असे विचारल्यास पाठ झालेले उत्तर मिळते. त्याऐवजी पहिले घर कुडाचे होते की पत्र्याचे, प्यायचे पाणी पाटाचे की विहिरीचे, हिवतापाने कोण आजारी पडले, लग्ने सासवडकडेच ठरत की इकडच्या गावांत, असे विचारावे. वृद्ध स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलावे. पुरुष कारखान्याबद्दल बोलतात, तर नव्या मुलखात घर कसे उभे राहिले, कोणते देव सोबत आले आणि माहेर किती लांब पडले हे आजीच सांगू शकते.

वृद्धांना साल आठवत नाही, म्हणून त्यांच्यावर सालाचा आग्रह धरू नये. ऊस कोणता होता ते विचारावे. आठवणीत पुंड्या ऊस असेल तर ती सुरुवातीच्या पिढीची आहे. चारशे एकोणीस या क्रमांकाच्या वाणाचे नाव घेतले की काळ पुढे सरकतो, सातशे चाळीस त्यानंतरचा, आणि ८६०३२ तर अगदी अलीकडचा. नीरेच्याच खोऱ्यात, पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र असल्याने नवे वाण या भागात लवकर पोहोचले, त्यामुळे ही खूण येथे विशेष विश्वासार्ह आहे. गांधीहत्या, कोयनेचा भूकंप आणि बहात्तरच्या दुष्काळातली सुकडी या आणखी काही ठाम खुणा आहेत. एकच घटना निदान दोन घरांत पडताळावी, आणि दोन्हीकडची हकीकत जुळली नाही तर त्या दोन्ही जशाच्या तशा नोंदवाव्यात.

ऊसतोडीला दरवर्षी येणारी कुटुंबे, कारखान्यातील कामगार, बलुतेदार आणि दलित वस्ती यांना शेवटच्या प्रकरणात एकत्र कोंबू नये. संस्थापक बाहेरून आले तसे हेही बहुतेक बाहेरूनच आले, फक्त त्यांच्या नावावर जमीन नव्हती, त्यामुळे महसुली कागद त्यांच्याबाबत जवळजवळ मुके आहेत. येथे मुलाखतीच मुख्य साधन ठरतात. सामायिक जीवनाच्या नोंदींसाठी आषाढीचा काळ निवडावा: तुकोबांच्या पालखीचे उभे रिंगण माळीनगरला होते, आणि त्या दिवशी कोणते घर कोणत्या दिंडीला जेवण देते, पाण्याची व मुक्कामाची सोय कोण पाहते, यावरून गावातील नात्यांची वीण समजते.

लेखन करताना प्रत्येक विधानासमोर ते फेरफारातून, अहवालातून की मुलाखतीतून आले याची खूण स्वतःच्या वहीत ठेवावी. वाटणीचे चालू वाद, जातीच्या नोंदी आणि कर्जाचे तपशील संबंधितांच्या लेखी संमतीशिवाय छापू नयेत. मसुदा तयार झाल्यावर तो ग्रामसभेत किंवा शाळेत वाचून दाखवावा, मूळ मालकांच्या वाडीवस्तीवरही वेगळा वाचावा, आणि आलेल्या दुरुस्त्या कागद पाहूनच स्वीकाराव्यात. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण व उताऱ्यांच्या प्रती यांचा एक संच ग्रामपंचायतीत आणि दुसरा सोलापुरातील एखाद्या ग्रंथालयात ठेवावा, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला तेच दफ्तर पुन्हा उघडावे लागणार नाही.