कामावरच्या आघातातून सावरताना नादोपचार आणि स्वमदत गट : या चुका टाळा

साहेबांनी चारचौघांत वारंवार केलेला अपमान, लैंगिक छळ, यंत्रावर डोळ्यांदेखत झालेला अपघात, वॉर्डात रुग्णाच्या नातेवाइकांनी केलेली मारहाण. अशा प्रसंगात माणसाचा ताबा जातो. काय घडावं आणि ते कधी थांबावं, हे त्याच्या हातात उरत नाही. म्हणून कोणताही नादोपचार (घंटा, वाडगा, गुंजन अशा आवाजांनी शांत व्हायची पद्धत) किंवा स्वमदत गट (सारख्याच अनुभवातून गेलेल्यांनी एकमेकांना आधार देणारा) निवडताना आधी एकच विचारा : मला वाटेल त्या क्षणी हे थांबवता येईल का?

थेट तासभराच्या घंटानादाला जाणं

बंद खोली, डोळ्यांवर पट्टी, शवासन आणि भोवती मोठमोठे गाँग, म्हणजे टांगलेल्या धातूच्या थाळ्या. एरवी निवांत असलेल्या माणसाला हे आवडतं. आघातानंतर मात्र शरीर सतत सावध असतं आणि अचानक आवाज झाला की दचकतं. आवाज कुठून येणार ते दिसत नाही, मधेच उठायचा संकोच वाटतो. मग छाती धडधडते, घाम फुटतो आणि ‘मला साधं शांत पडणंही जमत नाही’ अशी नवी टोचणी लागते.

त्यापेक्षा खुर्चीत बसा. पाठीमागे भिंत आणि समोर दार दिसेल अशी जागा घ्या. डोळे उघडे, नजर जमिनीवर. हात वर केला की आवाज थांबेल, हे आधी ठरवा आणि एकदा करून पाहा. धातूचा वाडगा असेल तर तो दोन-तीन मीटर लांब ठेवून मऊ दांडीने हलकेच वाजवावा आणि एक नाद पूर्ण विरल्यावरच दुसरा काढावा. वाडगा अंगावर ठेवणं सुरुवातीला नकोच. अपस्मार, पेसमेकर किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं सत्र घेऊ नका.

गुंजनात जोर लावणं

सुरुवातीला सर्वांत सुरक्षित आवाज स्वतःचाच, कारण तो पूर्णपणे आपल्या हातात असतो. ओठ मिटलेले, दात किंचित विलग, जीभ सैल. चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या आणि सहा ते आठ अंक ‘म्‌’ असा गुणगुणत सोडा. आवाजाची उंची बोलण्याच्या आवाजाजवळची ठेवा. अशा पाच आवर्तनांनंतर थांबा.

चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर श्वास गरजेपेक्षा खोल आणि भराभर होतोय. गुणगुणणं थांबवून नेहमीसारखा श्वास घ्या, पुढच्या वेळी तीनच आवर्तनं करा. घसा खवखवला तर आवाज दाबून काढला जातोय. भ्रामरी या गुणगुणण्याच्या प्राणायामात कान बंद करतात, पण कोंडल्यासारखं वाटत असेल किंवा कानाचा त्रास असेल तर हात मांडीवरच राहू द्या.

गुणगुणताना नाकातलं नायट्रिक ऑक्साइड अनेक पटींनी वाढतं, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं. ते खरं आहे, पण ते नाक आणि सायनसमधल्या हवेबद्दल आहे. त्यावरून कुणी ‘आघात बरा होतो’ असं सांगत असेल, तर विश्वास ठेवू नका. इथे उपयोग होतो तो लांबलेल्या उच्छ्वासाचा, त्याने हृदयाची गती मंदावते.

सुन्नपणाला शांती समजणं

ही चूक शिकवणाऱ्यांकडूनही होते आणि तीच सर्वांत महागात पडते. सत्रानंतर माणूस निश्चल बसलेला दिसतो, सगळे म्हणतात, किती खोल गेला! सत्र संपल्यावर त्याला आज कोणता वार आहे ते विचारा, पायाखालची फरशी गार आहे का ते विचारा. उत्तर फार उशिरा आलं, हात-पाय आपले वाटत नसतील, तर तो शांत झालेला नाही, स्वतःपासून तुटला आहे. आवाज बंद करा, दिवा लावा. तळवे जमिनीवर दाबायला आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायला सांगा. विचारल्याशिवाय स्पर्श करू नका. त्याला एकटं घरी पाठवू नका. पुढचं सत्र पाच मिनिटांचंच ठेवा, आणि पुन्हा असंच झालं तर नादोपचार थांबवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

फोन जवळ ठेवून तानपुरा लावणं

तानपुऱ्याच्या मधेच ऑफिसच्या मेसेजचा ‘टिंग’ वाजला की सगळं पाण्यात. आधी विमान मोड लावा. ऑफिसच्या मेसेजची धून कायमची बदला. सुरासाठी पुरुषांना साधारण पेटीवरची पांढरी १ किंवा काळी १, स्त्रियांना काळी ४ किंवा ५ सोयीची पडते. हेडफोन नको, स्पीकरवर शेजारच्याशी सहज बोलता येईल इतकाच आवाज, दहा-पंधरा मिनिटं. ४३२ किंवा ५२८ हर्ट्झच्या ‘जादुई’ ध्वनिफितींवर पैसे घालवू नका, त्यांनी आघात बरा होतो याला भरवशाचा पुरावा नाही.

गटात ‘सगळं सांगून टाक’ म्हणणं

प्रसंगानंतर लगेच सर्वांना बसवून तपशीलवार बोलायला लावल्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा तर वाढतो. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय, त्यामुळे स्वमदत गट महाराष्ट्राला नवा नाही. पण आघाताच्या गटात प्रसंगाचं वर्णन मागायचं नसतं. ‘या आठवड्यात काय जड गेलं, कशाने हलकं वाटलं’ एवढंच विचारावं आणि ‘आज नको’ हेही पूर्ण उत्तर मानावं.

सहा ते आठ जण, सव्वा तास, गट चालवणारे दोघे आणि त्यांतला एक प्रशिक्षित समुपदेशक. सुरुवातीला आणि शेवटी पाच-पाच आवर्तनं गुंजन, मग चहा. साहेब आणि त्यांच्या हाताखालचे एकाच गटात नकोत. कंपनीच्या एचआरने भरवलेल्या गटात बोलण्याआधी नोंदी कुणाकडे जातात ते विचारा.

व्हॉट्सअ‍ॅप गटात फक्त वेळ आणि जागा कळवा. लैंगिक छळाची तक्रार असेल, तर तक्रारदार, साक्षीदार आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याची ओळख, तसंच तक्रारीचा मजकूर उघड करायला २०१३ च्या कायद्याची मनाई आहे.

शांत व्हायचं म्हणून तक्रार आणि उपचार लांबवणं

त्याच कायद्याप्रमाणे लैंगिक छळाची लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. सबळ कारण असेल तर तक्रार ऐकणारी समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी, नाहीतर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तारीख, वेळ, शब्द आणि हजर माणसं यांची टिपणं आजपासून ठेवा, ती ऑफिसच्या संगणकावर नकोत.

दुःस्वप्नं, प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटणं, त्या जागेचा रस्ताही टाळणं हे महिन्याहून जास्त टिकलं तर आघातकेंद्री मानसोपचार घ्या. गुंजन त्याच्या जोडीला चालू ठेवता येतं. जीव नकोसा वाटू लागला तर गटाच्या पुढच्या बैठकीची वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.